करंट आधी, फिटिंग चौथ्या दिवशी

पुणे, जुलै

प्रिय सोनू,
सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, बायबलच्या पहिल्याच पानावर घोटाळा आहे, पुढचं काय वाचू?" आणि मी कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून विषय बदलला. तू आठ वर्षांची होतीस तेव्हाही मी हेच केलं होतं. संडे स्कूलमध्ये तू विचारलंस, देवानं सहा दिवसांत जग केलं त्या गोष्टीत सूर्य चौथ्या दिवशी केला, तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला? बाईंनी "असं विचारायचं नसतं" म्हणून खाली बसवलं. तू रडत घरी आलीस, तर मी म्हणालो, बाईंचं ऐकावं. खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं.

आता रिटायर झाल्यावर थोडं वाचलंय. प्रश्न तुझ्या दुर्बिणींच्याही फार आधीचा आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडितानंच विचारलं होतं, की सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ झाली हे कोणता शहाणा माणूस मानेल? संत ऑगस्टीन तर बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीकडे आयुष्यभर पुन्हा पुन्हा वळला. त्यांना कुणी खाली बसवलं नाही.

मी आयुष्यभर वायरमन, म्हणून मला ही गोष्ट माझ्या परीनं कळली. आमच्या धंद्यात आधी फिटिंग, मग करंट. इथं करंट आधी आणि फिटिंग चौथ्या दिवशी. लिहिणाऱ्याला हे कळत नव्हतं? सूर्य उगवला की उजाडतं, हे त्याच्या घरच्या शेरडांनाही ठाऊक असेल. त्यानं क्रम मुद्दाम असा लावलाय. पहिल्या दिवशी हिब्रूत शब्द आहे 'ओर', म्हणजे प्रकाश. चौथ्या दिवशी 'माओर', म्हणजे प्रकाश देणारी वस्तू, दिवा. पुढे निवासमंडपातल्या, म्हणजे उपासनेच्या तंबूतल्या, दिव्यासाठीही हाच शब्द येतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातही 'प्रकाश' आणि 'ज्योती' असे दोन वेगळे शब्द आहेत, मी इतकी वर्षं वाचूनही पाहिले नव्हते. (हसू नकोस. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. मी चार शब्द शिकलो तर काय बिघडलं.)

आणखी गंमत पाहा. त्या अख्ख्या अध्यायात 'सूर्य' हा शब्दच नाही. 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती', बस्स. हिब्रूत सूर्य म्हणजे 'शेमेश', आणि शेजारच्या बाबेलात (बॅबिलोनमध्ये) 'शमाश' हा सूर्यदेव, न्यायाचा मालक. चंद्राचीही तीच गत, त्याचीही आसपास पूजा चाले. म्हणून लिहिणारा नावच घेत नाही. ज्याच्यापुढं लोक लोटांगण घालत होते त्याला तो कामाला लावतो: दिवस-रात्र वेगळे कर, ऋतू आणि वर्षं मोज. ताऱ्यांना तर हिब्रूत जेमतेम दोन शब्द दिलेत, 'आणि तारे'. आपल्या खालच्या मजल्यावरचे काका रोज गच्चीवर सूर्याला अर्घ्य देतात. चाळीस वर्षांचा शेजार आहे, त्यांना मी कशाला काय म्हणू? पण त्यांच्याकडे पाहिलं की कळतं, त्या काळी सूर्याला चौथ्या नंबरवर बसवणं किती धाडसाचं असेल.

आपल्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून येतं, पहिल्या दिवसाचं 'प्रकाश होवो' म्हणजेच बिग बँग, विज्ञानानं सिद्ध केलं. मला ते पटत नाही. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी तसंच काहीसं सुचवलं, तेव्हा विश्व प्रसरण पावतंय हे मांडणारा शास्त्रज्ञ लमेत्र, जो स्वतः कॅथोलिक पाद्री होता, तोच अस्वस्थ झाला. श्रद्धेला त्याच्या सिद्धांताचा टेकू नको होता. शिवाय तूच सांगितलंस की सगळ्यात जुना प्रकाश जो आज पकडता येतो, तो विश्वाच्या सुरुवातीनंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झाला. तो पहिल्या दिवशी बसवायचा तर बाकीचे पाच दिवस कुठं बसवणार? तुझं ते तुझ्या वहीत राहू दे.

इथं आठ दिवस झाले, सूर्य दिसलेला नाही. नुसती झिमझिम, वेताळ टेकडी ढगात. तरी सकाळी सहाला उजाडतं, मी दूध घेऊन येतो, पेपर वाचतो. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज म्हणाले होते, की दिवसाचा प्रकाश एक आणि सूर्याचा प्रकाश दुसरा. सूर्योदयाआधी उजाडतंच की. शास्त्रीयदृष्ट्या हे चूक आहे, ठाऊक आहे मला. पण पुण्याच्या जुलैत त्यांचं म्हणणं डोळ्यांना पटतं.

एक राहिलंच. उत्पत्तीच्या त्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' असा मोजलाय, संध्याकाळ आधी. म्हणूनच कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, यहुदी लोकांचा शब्बाथ (विसाव्याचा दिवस) शुक्रवारी मावळतीला सुरू होतो.

साडेसात वाजलेत. त्या हिशेबानं माझा उद्याचा दिवस सुरूसुद्धा झाला, आणि आई आजची भाजी निवडायला बोलावतेय. तुझा पुढचा प्रश्न लिहून पाठव, या वेळी कुकर लावणार नाही.

तुझा,
पप्पा