लाईट आली की लॅपटॉप आपोआप का सुरू होतो

पुणे, २५ मे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल आईने फोनवर सांगितलं तेव्हापासून माझं लक्ष तिकडेच आहे. मध्यरात्री लाईट आली आणि माजघरात चार्जरला लावून, कापडी पिशवीत बंद करून ठेवलेला लॅपटॉप आपला आपण सुरू झाला. पंख्याची घरघर ऐकून तुम्ही दोघं उठून बसलात आणि आईला नंतर झोप लागली नाही.

आई, तुझ्या मनातली शंका आधी दूर करते. तो कोणी लांबून चालू करत नाहीये. दर वेळी लाईट आली की त्याच क्षणी तो सुरू होतो, एरवी नाही, हे तूच सांगितलंस आणि त्यावरूनच कारण कळलं. त्या डेलच्या लॅपटॉपमध्ये 'वेक ऑन एसी' नावाची एक सेटिंग आहे. इथे एसी म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज. चार्जरला वीज मिळाली की मशीन सुरू कर, एवढंच तिचं काम. बाबांनी घेतलेला हा लॅपटॉप आधी कुठल्यातरी ऑफिसात होता, तिथे कोणाच्या तरी सोयीसाठी ती चालू केलेली असणार. आंजर्ल्यात मे-जूनमध्ये एका रात्रीत कितीदा लाईट जाते-येते, आणि तो प्लग इन्व्हर्टरवर नाही. त्यामुळे दर वेळी मशीन जागं होतं. झोपमोड तर आहेच, पण मला जास्त काळजी वाटते ती पिशवीची. दमट हवा लागू नये म्हणून बाबा तो नीट गुंडाळून ठेवतात, आणि तसा गुंडाळलेला लॅपटॉप चालू राहिला तर आतल्या आत तापतो. म्हणून ही सेटिंग पाऊस सुरू व्हायच्या आत बंद व्हायला हवी.

बाबा, तुम्ही दुकानात देऊन विंडोज नव्याने टाकून आणलंत, पैसेही दिलेत, तरी फरक पडला नाही. पडणार नव्हताच. ही सेटिंग विंडोजमध्ये नसतेच, हार्ड डिस्कवरही नसते. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, एक छोटी चिप असते, तिच्यात बायोस नावाचा प्रोग्रॅम आणि त्याच्या सेटिंग असतात. डिस्क पुसली, नवी घातली, तरी तिला धक्का लागत नाही. आपल्या घरात आई सगळ्यांच्या आधी उठून चूल-पाणी बघते आणि मग बाकीच्यांना हाक मारते, तसं बायोसचं आहे. बटण दाबल्यावर तो पहिल्यांदा जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का बघतो आणि मग विंडोजला बोलावतो. तुम्हाला मुळापासून जाणून घ्यायला आवडतं म्हणून सांगते: आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी आणला त्यातही बायोस होता. आताच्या लॅपटॉपमध्ये असतो तो त्याचा नवा अवतार, यूईएफआय. त्याची सुरुवात इंटेलने केली आणि २००५ पासून अनेक कंपन्यांचा मिळून एक फोरम त्याचे नियम ठरवतो. बोलताना मात्र सगळे अजून बायोसच म्हणतात.

आता हे पत्र कागदावर का, ते. एरवी मी इथे बसून तुमच्या स्क्रीनवर शिरते आणि काम करून देते. ते सॉफ्टवेअर विंडोजमध्ये चालतं, आणि बायोसची स्क्रीन विंडोज सुरू व्हायच्या आधी येते. तिथे मला काही दिसत नाही, माझा माउस तिथवर पोचत नाही. व्हिडिओ कॉल लावावा तर रेंज ओटीच्या टोकाला, प्लग माजघरात. तेव्हा हे तुम्ही दोघांनीच करायचं आहे, आणि तुम्हाला ते जमेल याची मला खात्री आहे. आईने चष्मा लावून हे पत्र वाचायचं, बाबांनी बटणं दाबायची. घाई करू नका. दिवसा करा, चार्जर लावून, आणि बॅटरी निम्म्याच्या वर असताना.

मोबाईल हाताशी ठेवा. त्या स्क्रीनवर काहीही बदलण्याआधी तिचा फोटो काढायचा. पुढे कधी शंका आली तर आधी काय होतं ते फोटोत दिसेल.

बायोसच्या स्क्रीनवर जायला लॅपटॉप बंद करून चालू करू नका, स्टार्टमधून 'रिस्टार्ट' करा. विंडोज 'शट डाउन' करताना बऱ्याचदा पुरतं बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धं झोपून राहतं. रिस्टार्ट म्हणजे पूर्ण नवी सुरुवात. स्क्रीन काळी झाली की वरच्या ओळीतलं एफ-२ टक टक दाबत राहायचं, डेलचं चिन्ह दिसेपर्यंत आणि त्यानंतरही. दाबून धरायचं नाही. विंडोज सुरू झालंच तर पुन्हा रिस्टार्ट करा. दोन-तीनदा चुकलं तर एफ-२ ऐवजी एफ-१२ दाबून बघा. जी यादी येईल तिच्यात 'बायोस सेटअप' असं लिहिलेलं सापडेल, त्यावर एंटर. (शेजारच्या काकांचा लॅपटॉप एचपीचा आहे. ते विचारतील, तर त्यांना सांगा की त्यात बहुतेक एफ-१० लागतं.)

आत गेलात की डावीकडे एक लांब यादी दिसेल आणि उजवीकडे निवडलेल्या गोष्टीचा तपशील. बोटाने फिरवायचं पॅड इथेही चालतं. यादीत 'पॉवर मॅनेजमेंट' शोधा, त्याच्या शेजारच्या अधिकच्या खुणेवर टिचकी मारली की खाली आणखी नावं उघडतील. त्यातलं 'एसी बिहेविअर' निवडलं की उजवीकडे 'वेक ऑन एसी' आणि पुढे चौकोन. फोटो काढा. चौकोनातली खूण काढून टाका. मग खाली 'अप्लाय'. तो विचारेल, नक्की ना? हो म्हणा.

तिथेच 'ऑटो ऑन टाइम' असंही नाव आहे. ठरल्या वेळी रोज लॅपटॉप सुरू करणारी ती सेटिंग. तिथे 'डिसेबल्ड' हवं. बहुधा असेलच, तरी बघून घ्या.

'अप्लाय' दाबेपर्यंत तुम्ही केलेलं काहीही पक्कं होत नाही, हे ध्यानात ठेवा. मध्येच काही भलतंच दाबलं गेलं असं वाटलं तर अप्लाय न करता 'एक्झिट' करा आणि साठवू का विचारलं तर नाही म्हणा. सगळं पूर्वीसारखं राहील. बाबा, "बिघडलं तर?" म्हणून तुम्ही हात आखडता घ्याल हे मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आता बॅटरीचं. यावर मी बराच विचार केला, कारण यात एकच उत्तर बारा महिने चालणारं नाही. 'पॉवर मॅनेजमेंट'मध्येच 'प्रायमरी बॅटरी चार्ज कॉन्फिगरेशन' आहे. लिथियमची बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि वर गरम राहिली की लवकर म्हातारी होते. तिची साठवणूक कमी होत जाते, कधी कधी ती फुगते आणि वरचं पॅड उचललं जातं. तुमचा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला असतो आणि आपल्याकडचा उकाडा तर सांगायलाच नको. अशा वेळी 'कस्टम' निवडून चार्जिंग ५० टक्क्यांना सुरू आणि ८० टक्क्यांना बंद असं ठरवून देता येतं. मग तो चार्जरला कितीही वेळ राहिला तरी ८० वर थांबतो. बॅटरी जास्त वर्षं टिकते.

पण पावसाळ्यात हेच उलट बोचेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हाचे दिवस आठवा. वाडीतल्या पोफळी, माड आडवे झाले, खांब पडले, आणि लाईट कधी येईल ते कोणालाच सांगता येईना. पडलेल्या झाडांचे फोटो, सातबारा, बँकेचे कागद, सगळं एका जागी लागत होतं आणि मोबाईल चार्ज करायची मारामार होती. तशा दिवसांत लॅपटॉपमध्ये शेवटचा टक्कासुद्धा भरलेला हवा. म्हणून माझं मत असं: मृगापासून दिवाळीपर्यंत 'स्टँडर्ड' ठेवा, म्हणजे पूर्ण शंभर भरेल. दिवाळीनंतर, लाईट नेमाने राहायला लागली की 'कस्टम', ५० आणि ८०. बॅटरीचं आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल, नवी आणता येते. तुम्ही दोघं अंधारात अडकून पडायला नको. आता जून तोंडावर आहे, तेव्हा या खेपेला फक्त 'स्टँडर्ड' आहे का ते बघा.

विजा कडकडायला लागल्या तर मात्र कुठल्याही सेटिंगवर विसंबू नका, चार्जर प्लगमधून काढूनच ठेवा.

वर 'जनरल'मध्ये 'डेट-टाइम' आहे तेही एकदा उघडा. तिथे आधी महिना आणि मग दिवस असतो, तेव्हा ५ तारखेचा ६ वा महिना आहे की ६ तारखेचा ५ वा, हे नीट बघून घ्या. तारीख भलत्याच जुन्या वर्षाची दिसली तर समजायचं की आतला छोटा सेल संपत आला आहे. बटणाएवढा गोल, ३ व्होल्टचा सेल असतो, लॅपटॉप बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तारीख चुकली की बँकेची साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. तसं दिसलं तर घाबरून कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर माहिती देऊ नका. तारीख बघा आणि मला कळवा.

बाबांची आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाची तक्रारही माझ्या लक्षात आहे. एक्सेलमध्ये खाना दुरुस्त करायला एफ-२ दाबावं तर आवाजच कमी होतो. त्यासाठी बायोसमध्ये जायची गरज नाही. एफएन आणि एस्केप ही दोन बटणं एकदम दाबा. ते एकदा केलं की एफ-२ हे एफ-२ सारखं वागेल. आवाज कमी-जास्त करायला मग एफएन धरून दाबायचं.

आता हात लावायचा नाही अशा गोष्टी, आणि हा भाग आईने बाबांना दोनदा वाचून दाखवावा. 'साटा ऑपरेशन' म्हणून एक आहे, डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारं. ते बदललं तर विंडोज सुरूच होणार नाही. 'सिक्युअर बूट' आणि 'टीपीएम' ही सुरक्षेची नावं दिसतील, तीही तशीच असू देत. ती बदलली तर काही लॅपटॉप पुढच्या वेळी ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायची किल्ली, मागतात, आणि ती हाताशी नसली की आपलेच फोटो आणि कागद आपल्याला उघडता येत नाहीत. खाली 'लोड डिफॉल्ट्स' असं बटण असतं. सगळं मूळ स्थितीला आलं म्हणजे बरं, असं वाटून ते दाबावंसं वाटेल. दाबू नका. दुकानदाराने विंडोज टाकलं तेव्हाची डिस्कची सेटिंग आणि कारखान्यातली मूळ सेटिंग वेगळी असू शकते, आणि मग पुन्हा दुकानाची वारी.

'सिक्युरिटी'त पासवर्ड ठेवायची सोय आहे. ठेवू नका. विशेषतः हार्ड डिस्कचा पासवर्ड. तो विसरला तर आत असलेलं सगळं गेलंच म्हणून समजा. विंडोजला तुमचा पासवर्ड आहे, घरच्या वापराला तो पुरतो.

आई, कॅमेऱ्यावर तू चिकटपट्टी लावतेस ते मला पटतं. बायोसमधून कॅमेरा पुरता बंदही करता येतो, पण तसं करू नका. रविवारी मला तुमची तोंडं दिसायला हवीत, आणि तेव्हा तो का चालत नाही हे शोधत बसावं लागेल. चिकटपट्टीच चांगली.

कधीतरी विंडोज स्वतःच बायोस नवा करायला घेतं. काळ्या स्क्रीनवर टक्के सरकताना दिसतील, पंखा जोरात फिरेल. त्या वेळी पॉवरचं बटण दाबायचं नाही आणि चार्जर काढायचा नाही, कितीही वेळ लागला तरी. ते काम अर्धवट राहिलं तर मदरबोर्डच बंद पडू शकतो. तुम्ही होऊन कुठला अपडेट सुरू करू नका, मी गणपतीला आले की शांतपणे करीन. तेव्हा नवा सेलही घेऊन येते.

सगळं झालं की एक परीक्षा घ्या. लॅपटॉप शट डाउन करा, दिवे विझू देत. मग प्लगचं बटण बंद करून थोड्या वेळाने चालू करा. लॅपटॉप गप्प राहिला तर काम फत्ते. सुरू झाला तर 'अप्लाय' राहून गेलं असेल, पुन्हा आत जाऊन बघा. तरीही सुरू होत असेल तर काढलेले फोटो मला पाठवा आणि मी सांगेपर्यंत रात्री चार्जर काढून ठेवत जा, पिशवीत घालण्याआधी.

कोकमं वाळवून झाली का ते कळवा. बाबांची गोळी दुपारची चुकत नाही ना?

तुमची लेक