खोलीभाडं पूर्ण घेतलं, सेवा दिली नाही: तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला शेतकरी. आईबाबांच्या लग्नाला यंदा 50 वर्षं झाली. आईनं समुद्र पाहिला नव्हता, म्हणून कापूस विकल्यावर दोघांना मुंबईला आणलं. स्वस्तातले लॉज बरेच होते. तरी तुमचं हॉटेल निवडलं ते बाबांसाठी. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. व्हीलचेअर, सामान उचलायला माणूस, चोवीस तास खोलीत जेवण, हे सगळं तुमच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे. व्हीलचेअर लागेल हे मी बुकिंग करतानाच कळवलं होतं. "व्यवस्था होईल" हे तुमचं उत्तर सोबत जोडलंय.

18 जानेवारीला सकाळी विदर्भ एक्सप्रेसनं उतरून टॅक्सीनं तुमच्या दारात आलो. बाबांचं धोतर, खांद्यावर दुपट्टा, आईच्या हातात कापडी पिशवी. मी टॅक्सीचे पैसे देत होतो, तेवढ्यात दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं. "किससे मिलना है?" बाबांनी आतली चकाकणारी फरशी पाहिली अन् चपला काढून हातात घेतल्या. "असू द्या बाबा, घाला" असं एकानंही म्हटलं नाही. मागून आलेल्या गाडीचं दार मात्र त्याच माणसानं धावत जाऊन उघडलं. व्हीलचेअर मागितली तर "अभी आएगा". चाळीस मिनिटं बाबा खांबाला टेकून उभे होते. मला हळूच म्हणाले, "आपून चुकीच्या जागी तं नाई आलो ना रे?"

ते ऐकून मला काय वाटलं, ते या पत्रात मावणार नाही.

व्हीलचेअर दोन्ही दिवस आली नाही. रात्री साडेअकराला आईसाठी साधा वरणभात मागितला, तर किचन बंद. तिला शुगरची गोळी घ्यायची असते. घरून आणलेल्या दशम्या होत्या म्हणून निभावलं. खोली स्वच्छ होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोजचे 14,000 रुपये आम्ही नुसत्या गादीचे मोजले नव्हते.

वर जेवणाच्या 4,600 रुपयांवर 10 टक्के सेवाशुल्क लावलं. काढा म्हटलं तर "कंपल्सरी है". केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये या सूचना कायम ठेवल्या आहेत.

एका दिवसाचं भाडं जीएसटीसह 16,520 रुपये आणि सेवाशुल्क त्यावरच्या जीएसटीसह 542 रुपये 80 पैसे, असे एकूण 17,062 रुपये 80 पैसे 15 दिवसांत परत करावेत. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करीन. तुम्हाला तिथं यावं लागेल.

आणि बाबांच्या नावानं माफीचं पत्र पाठवा. मराठीत पाठवा, ते स्वतः वाचतील.

आपला,
एक ग्राहक
सोबत: बुकिंगचा मेल, बिलाची प्रत