लगांना हात लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आजच मिळालं. जुन्या माउझर रायफलीचा बोल्ट (काडतुसामागे सरकणारा दांडा) खरखरतो म्हणून त्याचे लग, म्हणजे बोल्ट जागी अडकवणारे कान, घासून आरशासारखे करणार आहेस, हे वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. थांब.

१८९८ च्या माउझरचं पोलाद आतून मऊ आणि चिवट असतं. कार्बन मुरवून कडक केलेली असते ती फक्त वरची पातळ कातडी. ती घासून गेली की दर बाराला लग रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या सांगाड्यात, रुतत जातात आणि हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागची मोकळी जागा, वाढतो. माझी पहिली रायफल मी अशीच घालवली. थोड्याच बारांनंतर बोल्ट उचलायला जड जाऊ लागला. उघडून पाहिलं तर लगच्या बैठकीत चक्क खाच पडलेली! फार जीव लावला होता रे त्या रायफलीला. तू फक्त मार्किंगची निळी शाई लावून दोन्ही लग सारखे टेकतात का ते बघ. नवी नळी बसवलीस की हेडस्पेस मोजायचे गेज लावून घे: 'गो'वर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. खरखर वापरानं जाईल.

ती दुसरी, १९०३ ची स्प्रिंगफील्ड, तिचा नंबर तपास. स्प्रिंगफील्ड कारखान्यातली ८,००,००० च्या खालची असेल तर ती उडवूच नकोस. तेव्हा तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी जोखत. लख्ख उन्हात तो मंद दिसे, म्हणून पोलाद जास्त भाजलं जाई आणि ठिसूळ होई.

माउझरला नवी नळी ९.३×६२ या काडतुसाचीच घे. १९०५ साली ओटो बॉकनं ते माउझरच्या याच अॅक्शनच्या, म्हणजे बोल्ट-रिसीव्हरच्या जोडीच्या, मापानं बेतलं. गेल्या हंगामात रिमझिम पावसात रानडुकरावर माझी पहिली गोळी जरा मागे लागली. घाईत बोल्ट ओढला, पण एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस ओढून काढणाऱ्या भागाच्या, रुंद नखीनं मॅगझिनमधून वर येणारं काडतूस आधीच धरलेलं असतं, ते कुठे अडकलं नाही. दुसऱ्या गोळीला जनावर जागीच पडलं. जखमी होऊन झाडीत गेलं असतं तर मला रात्रभर झोप लागली नसती.

दस्त्याचं अक्रोड पुरतं वाळलेलं घे, आणि नळीखालून कागद सरकेल एवढी फट ठेव. ओल्या हवेत लाकूड फुगलं की नेम हलतो.

शाईचे ठसे कसे उठले ते लगेच कळव. तोवर पॉलिशची पेस्ट कपाटातच राहू दे.

तुझाच,
जुना सोबती