दत्ता, त्या बाँडवर विनूची सही होऊ देऊ नको

बेळगाव, 12 जून 2025

प्रिय दत्ता,

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि मग मला झोपच लागली नाही. विनू कागलला शेडच्या छपरावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि आता त्याचा ठेकेदार सोमवारी चाळीस हजार रोख आणि हक्क सोडल्याचा शंभर रुपयांचा बाँड घेऊन येतोय, विनूची सही झाली की विषय संपला, आणि काकूंनाही वाटतंय घेऊन टाकावेत, पोरगं जिवंत हाय हेच खूप. फोनवर मी नुसतं नको नको म्हणत राहिलो, सगळं एकदम तोंडाशी आलं आणि नीट काहीच सांगता आलं नाही. म्हणून आता सावकाश लिहितोय. लांबेल, खरं पूर्ण वाच आणि विनूला पण वाचून दाखव.

माझं तुला माहीत आहे, खरं सगळं माहीत नाही, कारण मी कधी कुणाला सगळं सांगितलंच नाही. सप्टेंबर 2021. उद्यमबागेतलं ते वर्कशॉप, आम्ही सात गडी, मी पॉवर प्रेसवर वॉशर मारायचो. त्या प्रेसला दोन बटणं असतात बघ, दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून आदळणारा ठोकळा, खाली येऊ नये म्हणून. आयटीआयला सर हेच पहिल्या दिवशी सांगायचे, आपण दोघं एकाच बाकावर बसून ऐकलंय. आमच्या प्रेसचं डावं बटण चिंधीने आवळून कायमचं दाबून ठेवलेलं, मालकानेच बांधलेलं, कारण एक हात मोकळा असल्याशिवाय दिवसाचा काउंट निघत नव्हता. पुढची जाळी काढून भिंतीला टेकवलेली आणि तिच्यावर आम्ही जेवणाचे डबे अडकवायचो. त्या दिवशी वॉशर डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, अडकला, मी काढायला बोटं आत घातली आणि रॅम परत एकदा खाली आला, डबल स्ट्रोक. दुखलं नाही लगेच. आधी मला नुसता हातमोजा दिसला, त्याची दोन बोटं चपटी झालेली.

आता ऐक, हेच मला मुख्य सांगायचंय. हॉस्पिटलात मला सुपरवायझरने नेलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी बोलायच्या आत तोच म्हणाला, घरी ग्राइंडर चालवत होता. मी काही बोललो नाही. शुद्धीत होतो रे, सगळं ऐकू येत होतं, खरं वाटलं मालक आता खर्च करतोय, त्याला कशाला दुखवा. आणि आत कुठंतरी लाज पण होती की बोटं मीच घातली, चूक माझीच. दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले, सुपरवायझर पुढं होऊन सगळं सांगत होता, त्यांनी कन्नडात लिहून घेतलं आणि डाव्या हाताचा अंगठा द्यायला सांगितलं. आपण मराठी शाळेतले, कन्नड बोलणं समजतं, वाचायला कुठं येतंय. बाजूच्या बेडजवळ बैलहोंगलची एक पोरगी बसलेली, वडिलांजवळ, तिने कागदावर नजर टाकली आणि तुझ्या वहिनीला हळूच म्हणाली, अक्का, यात मनेयल्ली लिहिलंय, घरात झालं म्हणून.

तुझी वहिनी कधी कुणासमोर आवाज चढवत नाही तुला माहीत आहे. तिने तो कागद हातात घेतला आणि म्हणाली मने नाही साहेब, फॅक्टरीत, कामावर, प्रेस मशीनवर, हे बदलून लिहा नाहीतर ह्यांचा अंगठा मिळणार नाही. अर्धा तास वाद झाला. सुपरवायझर बाहेर जाऊन फोन करून आला. शेवटी त्यांनी परत लिहिलं, त्या पोरीने परत वाचून दाखवलं, मग मी अंगठा दिला. वहिनी तिथंच थांबली नाही, डॉक्टरांकडून केसपेपरवर इजा कशी झाली म्हणून लिहिलेली हिस्ट्री पण बदलून घेतली. पुढं अडीच वर्षं केस चालली ती ह्या दोन कागदांवर उभी होती. नाहीतर मी घरात ग्राइंडर चालवणारा माणूस होतो आणि मालकाचा काही संबंधच नव्हता.

म्हणून पहिलं काम सांगतो, विनूचं डिस्चार्ज कार्ड काढ आणि त्यात कसं पडला म्हणून काय लिहिलंय ते बघ. तू म्हणालास शेडच्या छपरावर जुना सिमेंटचा पत्रा बदलताना पत्रा फुटून खाली आला. तसंच लिहिलंय की नुसतं उंचीवरून पडला असं लिहिलंय? गाडीवरून पडला तर नाही ना लिहिलेलं? चुकीचं असेल तर आत्ताच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, सहा महिन्यांनी कुणी ऐकत नाही.

आता पैशाचं. मला कुणी सांगितलं नव्हतं, वकिलाने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कळलं. आज, 2025 च्या जूनमध्ये, 1923 चा कायदा लागू आहे, आधी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, 2010 पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन म्हणतात. कामावर असताना कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे एक आकडा असतो त्याने गुणायचं. अर्धवट इजा असेल तर त्यातले टक्के. बोटांचं तर कायद्याला जोडून टेबलच आहे, अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के. वाचताना कसंतरीच झालं मला, आपल्या बोटांचा भाव कुणीतरी आधीच लिहून ठेवलाय असं वाटलं, खरं तो लिहून ठेवलाय म्हणून मालकाला घासाघीस करता आली नाही. माझा पगार 14,000, वय 35, त्याचा आकडा 197.06. हिशोब बसला 3,31,061 रुपये. मालक मला पंचवीस हजार देऊन सही मागत होता दत्ता.

विनू 30 वर्षांचा ना? त्याचा आकडा 207.98. रोज 600 म्हणजे महिना 15,000 च्या वर जातो, पण कायद्यात जानेवारी 2020 पासून 15,000 पर्यंतचाच पगार धरतात, म्हणजे 15,000 धर. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98, झाले 18,71,820. हे पूर्ण निकामी झाला तर, तसं देवाच्या कृपेने नाही. मांडीचं हाड टेबलात नाही, तिथं डॉक्टर ठरवतात की कमवायची ताकद किती टक्के गेली. अगदी दहा टक्केच धरले तरी 1,87,182 होतात, पंचवीस धरले तर 4,67,955. आता तू चाळीस हजार त्याच्या बाजूला ठेवून बघ.

आणि डॉक्टरांकडे जाताना एक लक्षात ठेव, पाय किती टक्के अधू झाला ही एक गोष्ट आणि कमाई किती टक्के गेली ही दुसरी. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला जो पाय चालेल तो छपरावर चढणाऱ्याला चालत नाही. विनू काय काम करत होता, शिडी, पत्रे, ओझं, हे डॉक्टरांना नीट सांगा आणि लिहून घ्या.

रॉड घातलाय, चारपाच महिने तरी तो घरात बसणार. त्या काळाचे पण मिळतात, दर पंधरा दिवसांला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, म्हणजे त्याला 3,750. ठेकेदार म्हणतो ना की हॉस्पिटलचे पंच्याऐंशी हजार मी भरले, आता फिटलं? फिटत नाही. इलाजाचा खर्च मालकानेच करायचा असतो, तो भरपाईत वजा होत नाही. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

बेल्ट लावला नव्हता, चूक तुमच्याच पोराची, असं पण तो म्हणाला म्हणे. मलाही तेच ऐकवलं, जाळी काढून काम का केलंस. कायद्यात मालक सुटतो कधी, तर माणूस दारू पिऊन असेल, किंवा सुरक्षेची सूचना मुद्दाम मोडली असेल, किंवा गार्ड त्याने स्वतः जाणूनबुजून काढला असेल. माझी जाळी मी काढली नव्हती. विनूला बेल्ट दिला होता का? दिला असता तर फुटणाऱ्या पत्र्यावर तो अडकवायला काही होतं का? नुसती गफलत झाली म्हणून हक्क जात नाही, हे विनूला दहा वेळा सांग, कारण मला माहीत आहे तो रात्री काय विचार करत पडलेला असेल. मी दोन वर्षं तोच विचार करत होतो.

आता कागलचं. तू म्हणालास ठेकेदार सांगतोय की अपघात महाराष्ट्रात झालाय, केस करायची तर कोल्हापूरला हेलपाटे मारा, निपाणीवाल्यांना तिथं कोण विचारतंय. हे ऐकून मला फार राग आला. आपली निम्मी पोरं रोज कोगनोळीचा नाका ओलांडून कागल, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातात, काम करताना कुणी विचारत नाही तू कुठल्या राज्याचा, आणि पाय मोडला की बॉर्डर आठवते. कायदा दोन्हीकडे एकच आहे, केंद्राचा. आणि अर्ज अपघात झाला तिथं करता येतो तसाच जखमी माणूस जिथं राहतो तिथल्या, भरपाईच्या केसेस ऐकणाऱ्या कमिशनरपुढे पण करता येतो. विनू निपाणीत राहतो, म्हणजे आपल्या जिल्ह्यात करता येईल. रेशनकार्ड, आधार सगळं निपाणीचं आहे ना, झालं तर मग.

ज्या कंपनीचं शेड आहे ती पण हात झटकू शकत नाही. ठेकेदारामार्फत आपल्या धंद्याचं काम करून घेतलं तर मूळ मालकावर पण जबाबदारी येते. छपराच्या दुरुस्तीवर ते वाद घालतील, घालूदेत, अर्जात दोघांची नावं टाकायची. ठेकेदाराकडे डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे ह्याच भरपाईसाठी काढलेला विमा, आहे का हे पण विचार, असेल तर पैसे विमा कंपनी देते, मग तो एवढा कशाला घाबरतोय.

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, मात्र आधी बघायला पाहिजे. विनूच्या नावावर ईएसआय भरत असतील किंवा भरायला पाहिजे होतं असं निघालं तर रस्ता वेगळा, मग हा कायदा लागत नाही, तिकडूनच मिळतं. ते वाईट नाही. माझा मेव्हणा माच्छेच्या फौंड्रीत आहे, ओतताना पायावर वितळलेल्या लोखंडाचा रस सांडला त्याच्या, घरी बसला तेवढे दिवस पगाराच्या 90 टक्के बँकेत येत होते आणि इलाज फुकट. कामावरच्या इजेला किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतं. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागतो. आमच्यात सातच गडी, म्हणून मला नव्हतं.

पगाराचा पुरावा हा मोठा डोकेदुखीचा भाग. मला रोख मिळायचा, स्लिप नाही, मालकाने सांगितलं आठ हजार देत होतो. आमच्या घरी कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहायची सवय, वहिनी त्याच चौकोनात माझी हजेरी आणि ओटी, म्हणजे जादा तास, पण लिहायची, पेन्सिलीने, ह म्हणजे हजर आणि बाजूला तास. ती बारा पानं वकिलाने फाइलला लावली आणि माझ्याबरोबरचा एक गडी साक्षीला उभा राहिला, स्वतःची नोकरी घालवून. त्याचे उपकार मी विसरणार नाही. विनूकडे फोनपेला आलेले पैसे असतील, ठेकेदाराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील, उद्या सात वाजता शेडवर या असा एक मेसेज पण पुष्कळ आहे. काही डिलीट करू नका. बरोबर कोण कोण होतं त्यांची नावं आजच लिहून ठेव.

बाँडबद्दल एवढंच, हक्क सोडला असं लिहून दिलं तरी कायद्याने ते चालत नाही, तडजोड करायची तर ती कमिशनरकडे नोंदवावी लागते. खरं म्हणून सही करून टाकू असं म्हणू नको. सही झाली की पुढं प्रत्येक तारखेला तेच दाखवतात, पैसे घेतले, राजीखुशीने घेतले, आणि आपल्या माणसाचं अवसान जातं. त्याला खरंच मदत करायची असेल तर बँकेत टाकूदे आणि कशाचे ते लिहूदे.

ह्या 1923 च्या कायद्यात अर्जाला मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे, पण नोटीस लगेच पाठवायची, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, आणि कारण नसताना रखडवलं तर 50 टक्क्यांपर्यंत दंड पण. मला एप्रिल 2024 ला मिळाले, व्याज धरून चार लाख तीस हजारांच्या आसपास. दंड नाही लावला. वकिलाची काळजी करू नको, कामगाराला कायदेसेवा प्राधिकाराकडून फुकट वकील मिळतो, मला हे उशिरा कळलं.

पैसे आले त्या दिवशी मला आनंद झाला नाही खरं सांगायचं तर. हात तसाच आहे, थंडीत नसलेली बोटं दुखतात, शर्टाचं बटण अजून वहिनी लावते. पण येळ्ळूरच्या शेताचं कर्ज फिटलं, पोरीची फी भरली, आणि कोर्टात साहेबांनी मालकाला विचारलं की ते बटण कुणी बांधलं होतं, तेव्हा तो खाली बघत होता. ते मला पाहिजे होतं.

रविवारी सकाळच्या बसने मी निपाणीला येतो. डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, औषधांची बिलं, विनूचा फोन, सगळं एका पिशवीत काढून ठेव. काकूंना सांग मी समोर बसून समजावतो, त्यांच्यावर कुणी चिडू नका, तंबाखूत हात घालून विड्या वळून त्यांनी तुम्हाला वाढवलंय, चाळीस हजार त्यांना मोठेच वाटणार. आणि ठेकेदाराचा मधे फोन आला तर भांडू नको, रविवारनंतर बोलू एवढंच म्हण.

तुझा,
शिवा