अयुथयाच्या विटा

बँकॉक,
दि. १२ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

‘देवळे छान आहेत’ एवढ्यावर भागवू नकोस, असे निघताना तू बजावले होतेस. म्हणून काल अयुथयाला जे पाहिले ते जरा सविस्तर लिहितो.

सकाळच्या आगगाडीने तिथे उतरलो, तरीतून पासाक नदी ओलांडली आणि भाड्याची सायकल घेतली. तीन नद्यांनी वेढलेले हे बेट म्हणजे सयामची जुनी राजधानी. नाव आपल्या अयोध्येवरूनच आलेले. १३५० च्या सुमारास वसलेले हे नगर १७६७ मध्ये बर्मी फौजेने जाळले. तेव्हा पुण्यात थोरले माधवराव कारभार पाहत होते, म्हणजे ही उद्ध्वस्ती काही फार पुरातन नव्हे. तरीही हे अवशेष मला कार्ल्याच्या चैत्याहून जुने वाटत राहिले. कार्ल्याला कातळ आहे, इथे सारी वीट! वरचा चुन्याचा गिलावा गळून गेला आहे आणि उघड्या पडलेल्या विटांच्या सांध्यांतून गवत डोकावते.

वाट महाथातमध्ये (‘वाट’ म्हणजे मंदिर) भिंतीलगत ओळीने बसलेल्या बुद्धमूर्तींना शिरेच नाहीत. काही त्या युद्धात गेली, काही नंतर चोरांनी विकली. मात्र एक दगडी मस्तक झाडाच्या मुळांनी असे कवटाळले आहे की गाल कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होते, ते चटकन कळत नाही. ते जमिनीलगत असल्यामुळे छायाचित्र काढताना आपले डोके त्याहून खाली ठेवावे लागते. मी उभ्यानेच कॅमेरा काढला, तेव्हा रखवालदाराने न बोलता हाताने ‘खाली बसा’ अशी खूण केली. मी ओशाळून उकिडवा बसलो. शेजारच्या एका बिनशिराच्या मूर्तीला कोणीतरी नवे केशरी वस्त्र गुंडाळले होते.

वाट राचाबुराना १४२४ चे. गादीसाठी हत्तींवरून लढताना दोघे थोरले भाऊ मेले, राज्य तिसऱ्याला मिळाले आणि त्याने त्यांच्या दहनस्थानी हे मंदिर बांधले. (भाऊबंदकीचे असे स्मारक आपल्याकडे कोणी बांधल्याचे मला तरी आठवत नाही.) त्याच्या तळघरातले सोने १९५७ मध्ये चोरांनी लुटले, उरलेले तिथल्या संग्रहालयात आहे. अरुंद जिन्याने खाली उतरलो, तर दमट भिंतींवर पुसट चित्रे अजून तग धरून होती.

राजवाड्याच्या आवारातले तीन चेदी, म्हणजे आपले स्तूपच, मी उन्हामुळे घाईत पाहिले. सायकलची साखळी तीनदा निसटली, तेव्हा नदीपलीकडचे १६३० चे वाट चायवत्थनाराम राहूनच गेले.

आणखी एक गोष्ट परतीच्या गाडीत सारखी मनात येत होती. १७८२ नंतर बँकॉकचा तट बांधताना अयुथयाच्या विटा काढून चाओ फ्राया नदीने नावांतून खाली आणल्या होत्या. त्यामुळे आज सकाळी इथल्या जुन्या बुरुजाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत