तळ्यातल्या मरळीला सुरमईची फूटपट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला पारंपरिक मासेमारीवरचा पानभर लेख वाचला. आमच्याकडे पेपर दुपारच्या बसने पोचतो, त्यामुळे राग यायलाही संध्याकाळ होते. लेख चांगला आहे. डोल आणि रापण ही जुनी जाळी, पर्ससीनची अवाढव्य जाळी, मासे खेचणारे एलईडीचे दिवे, सगळे आले. पण समुद्रकिनारा संपला की महाराष्ट्रातले पाणीही संपते, अशी लेखकाची समजूत दिसते. मामा तलावांना, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माजी मालगुजारी तलावांना, एक ओळ नाही. या तलावांवर मासे धरून जगणारा आमचा समाज ढिवर; हा शब्द तर पानभर शोधून सापडला नाही.

आमचे बा डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, फेकजाळे टाकायचे. पावसाळ्यात मरळीची पिल्ले लालसर पुंजक्याने वर येतात आणि खाली मरळीचे जोडपे राखणीला असते. असा पुंजका दिसला की बा जाळे आवरायचे आणि डोंगा दुसरीकडे वळवायचे. पहिल्या पाण्याला मासोळी सलंगावरून, म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून, चढायला लागली की तिथे सापळा लावायची कोणाची छाती नव्हती. लावलाच तर मोहल्ल्यात बोलणी खावी लागत. याला 'शाश्वत' म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मागच्या जुलैत त्याच तलावात ठेकेदाराच्या माणसांनी मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचे जाळे ओढले. मरळ काठावर, पिल्लांचा पुंजका चिखलात. मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर. बाबूंनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि वरून एक रंगीत तक्ता हातात ठेवला : याहून लहान मासा धरू नये. पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370 मिलिमीटर. मी विचारले, यात मरळ कुठे आहे? म्हणाले, "काका, आमच्याकडे हाच आला आहे." तक्ता आता घरच्या भिंतीवर आहे. नातू सुरमईवर बोट ठेवून विचारतो, आबा, ही आपल्या तलावात कधी येते? अर्जाचे उत्तरही अजून यायचेच आहे.

समुद्रात जून-जुलैत यांत्रिक नौका बंद ठेवतात, मासा अंड्यावर असतो म्हणून. योग्यच आहे. रोहू, कतला, मरळ याच दिवसांत अंड्यावर येतात, हे मात्र आम्ही अर्ज करकरून सांगायचे. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री आमच्या चंद्रपूरचे होते, आता बोला! पापलेटवर आमचा राग नाही. त्याला आम्ही तक्त्यावरच पाहिले आहे.

कोकणातल्या बांधवांचे दुःख खोटे नाही. मोठ्या जाळ्याने लहानाचे पोट मारले जाते, ते इथेही तेच. पण त्यांच्याकडे तुमचा वार्ताहर जातो. आमच्याकडे तो येतो तलाव फुटल्यावर, फोटो काढायला.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या पुरवणीत 'ताजे बोंबील घ्यावेत' असे छापता. आमच्या आठवडी बाजारात बोंबील येतो तो वाळून काटकी झालेला. एखाद्या रविवारी तलावातल्या झिंग्यांचे छापा. कृती हवी असेल तर घरून विचारून पाठवतो; फक्त उन्हाळ्यात पाठवलेल्या पत्रासारखी तीही गहाळ करू नका.

आपला,
एक ढिवर वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया