लुटलेली गाडी टोल ओलांडत होती, आणि आम्ही हद्द शोधत होतो

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही पुण्याहून उमरग्याला निघालो होतो. बायको शेजारी, सहा वर्षांची मुलगी मागे झोपलेली. रात्री दीडच्या सुमारास समोरच्या काचेवर अंडं फुटलं. मी पाणी सोडून वायपर लावला आणि सगळी काच पांढरी झाली. काही दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. तिथेच चुकलो. वायपरला हात न लावता, दिसतंय तेवढ्यावर हळूहळू पुढचा पेट्रोल पंप गाठायचा असतो, हे नंतर कळलं.

दोन मोटारसायकलींवरून चौघे आले. एकाकडे कोयता. माझा मोबाइल हिसकावला. मी चावी पुढे केली आणि म्हणालो, "गाडी न्या, पण मागं लेकरू झोपलंय, तेवढं काढू द्या." बायकोने तिला चादरीसकट ओढून घेतलं. एक चप्पल आतच राहिली. मी झटापट केली नाही याचं मला जराही वाईट वाटत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला हेच सांगेन, आधी लेकरू बाहेर काढा, गाडी जाऊ द्या.

एका ट्रकवाल्या दादांनी आम्हाला पोलीस ठाण्यापर्यंत सोडलं. तिथला पहिला प्रश्न होता, "किलोमीटरचा दगड कितवा होता?" अंधारात दगड कोण बघतो, साहेब? मग ठरलं की जागा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत येते, तक्रार तिकडे द्या. तेवढ्यात बायकोचा मोबाइल वाजला. फास्टॅग तिच्या नंबरला जोडलेला. आमच्या गाडीचा टोल कापला गेला होता. नाक्याचं नाव, वेळ, सगळं स्क्रीनवर. तिने तो मोबाइल हवालदारांच्या डोळ्यांसमोर धरला. "आधी तिकडे नोंद करा, मग बघू," एवढंच उत्तर मिळालं. गाडी अजून सापडलेली नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. न्याय संहितेच्या कलम 309 मध्ये जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर झाली तर 14 वर्षांपर्यंत. रात्रीच्या रस्त्यावर माणूस किती एकटा असतो, हे कायद्याला कळलंय. तेच ठाण्यातल्या टेबलापर्यंत पोहोचवणं आपल्या हातात आहे.

फास्टॅग 2021 पासून सक्तीचा आहे. म्हणजे लुटलेली गाडी नाक्यावर आली की यंत्रणेला त्याच क्षणी कळतं. 112 वर तक्रार आली की गाडीचा नंबर पुढच्या सगळ्या नाक्यांना आणि महामार्ग पोलिसांच्या गस्तीला तत्काळ गेला पाहिजे. टोलवरच्या पोरांनी कोयत्यासमोर उभं राहावं असं मी म्हणत नाही. गाडी कुठल्या दिशेने गेली एवढं त्यांनी कळवलं, तरी नाकाबंदी कुठे लावायची हे ठरवता येतं. आणि रात्री कुटुंबाला निर्धास्त थांबता येईल अशा उजेडाच्या, सीसीटीव्ही असलेल्या जागा ठरवून तिथे गस्त ठेवा. बंद ढाब्याच्या अंधारात पोरांना लघवीला उतरवताना आजही जीव मुठीत धरावा लागतो.

मुलगी आता गाडीत झोपत नाही. दर थोड्या वेळाने विचारते, "बाबा, लॉक लावलंय ना?"

हद्दीचा प्रश्न न विचारता गुन्हा नोंदवण्याचा लेखी आदेश महामार्गालगतच्या प्रत्येक ठाण्याला कधी जाईल, ते कळवावं.

आपला,
पुण्यातील एक नागरिक